नहराचे पाणी, पाणीपट्टीची पावती आणि शेवटची बांधी

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा आहे. नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला असलेला हा तलाव पाहायला आता बाहेरगावची मंडळी येतात, फोटो काढतात, एखादी रात्र राहतात आणि निघून जातात. तलाव देखणा आहे यात शंका नाही. परंतु ज्यांच्या धानाच्या बांध्या या तलावाच्या नहराखाली आहेत त्यांना तलावाची किंमत दसऱ्याच्या सुमारास कळते. हलके धान कापणीला आलेले असते, भारी धान निसवत असते, पावसाने पाठ फिरवलेली असते. अशा वेळी शेवटचे एक पाणी मिळाले तर धान घरात येते, नाही मिळाले तर नुसती तणस हाती लागते. त्या एका पाण्याविषयी आम्हाला आज लिहायचे आहे. ते पाणी कोणाचे, त्याचे पैसे का द्यायचे आणि पैसे दिले तरी ते शेवटच्या बांधीपर्यंत का पोहोचत नाही?

हा विषय रुक्ष वाटेल. कायदा, कलम, अर्ज, पावती हे शब्द ऐकले की आपले बांधव म्हणतात, "ते ऑफिसातल्या लोकांचे काम." आम्ही स्वतः ऑफिसातलेच, कारकुनी करणारे आणि हिशेब लिहिणारे. म्हणूनच सांगतो की ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्या नावाचे पाणी नहरात नसते.

गावात पाणीपट्टीविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, पाऊस निसर्गाचा, डोंगर निसर्गाचा, मग पाण्याला पैसे कशाचे? दुसरे म्हणते, सरकारने पैसे घ्यावेत, पण पाणी तरी द्यावे. आम्हाला पहिल्यापेक्षा दुसरे मत अधिक शहाणपणाचे वाटते. पाऊस निसर्गाचा खरा, पण पाळ निसर्गाने बांधलेली नाही. बोदलकसा तलाव १९१७ साली पुरा झाला. त्याची मातीची पाळ ५१० मीटर लांब आणि सुमारे १९ मीटर उंच आहे. त्या काळी यंत्रे नव्हती. माती खणणारे, टोपलीने वाहणारे, पाळीवर चोपणारे हात गोरगरिबांचेच असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. पाळीवर झुडपे वाढली, नहरात गाळ भरला, दार गंजले की पाणी खाली येत नाही, आणि ते दुरुस्त करायला पैसा लागतोच. पाणीपट्टीचे मूळ कारण एवढेच आहे.

आता थोडा हिशेब करू, तोही घरी पाटीवर करता येईल असा. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. त्या एका एकरात दहा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नव्हे, इतके पाणी उभे करायचे तर सुमारे चार लाख लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चाळीस टँकर. एका एकराला, एका पाळीला! उन्हाळ्यात वस्तीत एक टँकर आला तर आपल्या बायाबापड्यांची किती झुंबड उडते ते आठवा, म्हणजे नहरातून येणारे पाणी केवढी मोठी संपत्ती आहे ते लक्षात येईल.

बोदलकसा तलावात सुमारे सोळा-सतरा दशलक्ष घनमीटर पाणी मावते. वरच्या हिशेबाने एकेका एकराच्या चाळीस हजार पाळ्या झाल्या. धानाला चार पाळ्या द्यायच्या म्हटले तर दहा हजार एकर. परंतु उन्हाने काही पाणी उडते, काही नहरातच जिरते, काही फुटक्या जागेतून नाल्यात जाते. अर्धे गेले असे धरले तर उरले पाच हजार एकर. हा आमचा ढोबळ हिशेब आहे, खात्याचा आकडा नव्हे. तलाव पूर्ण न भरलेल्या वर्षी तर गणित आणखी आखडते. मग या पाण्यात कोणाची बांधी बसते आणि कोणाची बाहेर राहते? नेमके हेच ठरवण्यासाठी पाण्याचे नियमन असते. नियमन कागदावर झाले नाही तर ते फावड्याने होते, आणि ज्याची बांधी नहराच्या तोंडाशी आहे व ज्याच्या घरात चार धट्टेकट्टे पुरुष आहेत त्याचे फावडे नेहमी जड पडते.

आपला भाग तलावांचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी यांतले अनेक तलाव बांधले. नवेगाव बांध हे त्यातले सर्वात नामांकित उदाहरण. या तलावांचे पाणी मालगुजाराच्या गावाला रिवाजाने, म्हणजे निस्तार हक्काने मिळे. मध्यप्रदेश सरकारने १९५० साली मालगुजारी रद्द करण्याचा कायदा केला, १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. मालगुजारीत पाणी फुकट होते असे जुनी माणसे अभिमानाने सांगतात. फुकट खरे, पण कोणाला? गावच्या पाळीला माती टाकायला वेठीने कोण जात होते आणि पाण्याच्या पहिल्या पाळीला कोणाची जमीन होती, हे आपल्या आजा-पणज्यांना विचारले असते तर उत्तर निराळे मिळाले असते.

बोदलकसा मात्र मालगुजारी तलाव नाही. तो सरकारी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्यप्रांतात पडले. नंतर १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग बसला आणि मग या प्रांतात सरकारी तलाव व नहर बांधण्याची मोहीम निघाली. रामटेकजवळचा खिंडसी, चंद्रपूरकडचे आसोलामेंढा आणि घोडाझरी, आपल्याकडचे बोदलकसा, चोरखमारा, खैरबंदा हे सारे त्याच सुमाराचे, पहिल्या पंचवीस वर्षांतले. सरकारने पैसा घातला, तेव्हा सरकारला तो वसूल करायचा होता. त्यासाठी एकेका शेतकऱ्याशी बोलण्याऐवजी सबंध गावाशी वर्षानुवर्षांचा करार करण्याची पद्धत निघाली. करार झाला की पाऊस चांगला पडो वा न पडो, एकरी ठरलेली रक्कम द्यायचीच.

या करारावरून काय घडले त्याची गोष्ट मोठी आहे आणि आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. त्या काळी भंडारा आणि रायपूर हे दोन्ही जिल्हे एकाच मध्यप्रांतात होते. रायपूर जिल्ह्यातल्या धमतरीजवळ, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, कंडेल नावाचे गाव आहे. महानदीच्या नहराखालच्या या गावाने सरकारचा दहा वर्षांचा करार नाकारला. शेतकऱ्यांचा हिशेब सरळ होता. दहा वर्षांत जेवढी पाणीपट्टी भरायची तेवढ्यात गावाचा स्वतःचा मोठा तलाव होईल, मग सरकारचे ओझे का घ्यायचे? १९२० च्या ऑगस्ट महिन्यात अधिकाऱ्यांनी आळ घेतला की गावाने नहर फोडून पाणी चोरले. पावसाळ्याचे दिवस, शेते आधीच भरलेली. तरीही सबंध गावावर चार हजार रुपयांहून अधिक दंड बसला. १९२० चे चार हजार! लोकांनी दंड भरायला नकार दिला. सरकारने गुरे जप्त केली आणि आठवडी बाजारात लिलावाला उभी केली. एका बाजारात बोली लागली नाही, म्हणून दुसऱ्या बाजारात नेली. तिथेही कोणी बोली बोलेना. मुकी जनावरे या बाजारातून त्या बाजारात फिरत राहिली, पण शेजारच्या गावच्या शेतकऱ्याने कंडेलच्या माणसाचा बैल विकत घेतला नाही. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले हे या लढ्याचे पुढारी. शेवटी सरकारला दंड मागे घ्यावा लागला.

कंडेलचे शेतकरी पाण्याचे पैसे नाकारत नव्हते, हे आपण ध्यानात घ्यावे. न विचारता लादलेला करार आणि एकाने केले की नाही हे न पाहता सगळ्यांवर बसवलेला दंड, या दोन गोष्टी त्यांना मान्य नव्हत्या. यातली दुसरी गोष्ट अजून गेलेली नाही. विनापरवाना पाणी कोणी घेतले ते सापडले नाही, तर ज्यांच्या जमिनीतून पाणी वाहिले किंवा ज्यांना त्याचा फायदा झाला त्यांच्यावर आकारणी करायची, अशी तरतूद १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात होती. तीच कल्पना महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ मध्येही आली. म्हणजे वरच्याने रात्री नहराचे तोंड फोडले आणि पाणी वाहत आपल्या बांधीत आले, तर बिल आपल्या नावावरही येऊ शकते. अशा वेळी आपण रीतसर अर्ज केला होता, याचा कागदच आपल्याला वाचवतो.

मध्यप्रांतात १९३१ चा पाटबंधारे कायदा होता, त्यात गावकरारांचीही व्यवस्था होती आणि सिंचन पंचायतीचीही. पुढे भंडारा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. विदर्भ, मराठवाडा, मुंबई इलाखा असे निरनिराळे कायदे होते, ते १९७६ मध्ये एक झाले. पण नवल असे की त्या एका कायद्याखाली जे नवे नियम करायचे होते ते कित्येक दशके झालेच नाहीत आणि इंग्रजांच्या वेळचे नियम चालत राहिले. पाणी विषयाचे अभ्यासक प्रदीप पुरंदरे यांनी ही गोष्ट वारंवार मांडली. आमच्यासारखा कारकून एक फॉर्म चुकीचा लावला तर मेमो खातो, आणि येथे राज्याच्या पाण्याचे नियमच लिहायचे राहून जातात!

या बाबतीत महात्मा फुल्यांची दृष्टी किती पुढची होती पाहा. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. खडकवासल्याचे पाणी तेव्हा नुकते कोठे कालव्यातून वाहू लागले होते. जोतीरावांनी त्या पुस्तकात पाटबंधारे खात्यावर कोरडे ओढले आहेत. खाते पैसे घेते, पण वेळेवर पाणी मिळाले नाही आणि पीक जळाले तर जबाबदारी कोणाचीच नसते, असा त्यांचा आक्षेप आहे. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या गरजेपुरते मोजून पाणी मिळावे म्हणून कालव्याला तोटीची सोय हवी, असेही त्यांनी सुचवले. मोजून पाणी देण्याची भाषा महाराष्ट्राच्या कायद्यात ठळकपणे आली ती २००५ साली. मध्ये एकशे बावीस वर्षे गेली.

भंडारा जिल्ह्याशी बाबासाहेबांचे नाव आपण १९५४ च्या पोटनिवडणुकीमुळे जोडतो. परंतु पाण्याच्या कारभाराशीही त्यांचा संबंध होता, याची चर्चा आपल्या सभांतून कमी होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर मंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत दामोदर खोरे योजनेची पायाभरणी झाली आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. त्याआधी महाड. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्यामागचा कायद्याचा धागा पाहा. रावबहादूर बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने मान्य केले होते की सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या तलावाच्या वापराला जातीच्या कारणावरून आडकाठी करता येत नाही. बोदलकसा तलाव हा असाच सार्वजनिक पैशातून राखला जाणारा तलाव आहे. त्याच्या पाण्यावर आकार घेता येतो, पाळी लावता येते, पण पाळी लावताना वस्ती पाहता येत नाही.

आज कोणी तोंडावर वस्ती पाहून पाणी नाकारत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण आमच्या पाहण्यात आपल्या समाजाकडे जी एक-दोन एकर जमीन आहे ती बहुधा उंचवट्याची किंवा नहराच्या शेवटाची. चांगली जमीन चांगल्या जागी आधीच कोणाच्या तरी ताब्यात होती. म्हणून नहराच्या शेवटाला पाणी न पोहोचणे हा दिसायला इंजिनिअरचा प्रश्न असला, तरी तो कोणाच्या ताटात उतरतो ते पाहावे लागते. आणि ज्यांना जमीनच नाही त्यांचे काय? नहराला पाणी सुटले की रोवणी लागते. रोवणीला जाणाऱ्या आपल्या मायबहिणींची त्या हंगामाची मजुरी, बिडीच्या पानांतून सुटका झालेले ते थोडे दिवस, हे सगळे नहर कधी सुटतो त्यावर अवलंबून आहे. तरी पाणी कधी सोडायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांची खुर्ची नसते.

२००५ साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले. एकाने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणले. पाण्याचे ठोक दर ठरवणे आणि ते देखभालीचा खर्च निघेल असे ठरवणे हे त्याचे काम. दुसऱ्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट केली. पहिल्या कायद्यातली एक तरतूद आपल्या घरांशी थेट संबंधित आहे. ज्याला दोनपेक्षा जास्त मुले आहेत त्याने शेतीच्या पाण्याला नेहमीच्या दीडपट दर द्यायचा. कायदा लागू होण्याआधीची मुले यात धरलेली नाहीत, संख्या पुढे वाढली तर मात्र दर वाढणार. लहान कुटुंबाचा पुरस्कार आम्हीही करतो. १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता. परंतु पाण्याच्या दरात मुले मोजण्याची ही रीत आम्हाला पटत नाही. वीस एकरांचा धनी दोन मुलांवर थांबला तर तो साध्या दराने वीस एकर भिजवणार, आणि एका एकराच्या माणसाला तिसरी मुलगी झाली तर त्याला दीडपट! धानाची बांधी पाणी पिते, लेकरू किती पिते?

दुसरा कायदा अधिक उपयोगाचा. पूर्वी पाणी वापर संस्था सहकारी कायद्याखाली, ज्यांची इच्छा त्यांनी काढायच्या. आता लाभक्षेत्रातले सर्व धारक संस्थेचे सभासद होतात. संचालक मंडळात नहराच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला सारखी जागा आहे, स्त्रियांना राखीव जागा आहेत. संस्थेला पाणी मोजून द्यायचे, संस्थेने ते वाटायचे आणि पट्टी गोळा करायची. नहराच्या शेवटाच्या माणसाला इतके स्पष्ट स्थान यापूर्वी कोणत्या कायद्याने दिले होते?

हे नुसते कागदावर राहत नाही याचा दाखला नाशिक जिल्ह्यात आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचा शेवट ओझर गावाकडे येतो. तिथे पाणी पोहोचतच नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि १९९१ मध्ये तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यातल्या एका संस्थेचे नाव महात्मा फुले. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी आपणच गोळा करून भरायची, असा शिरस्ता पडला. पुढे २००३ मध्ये सबंध प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. ओझरची जमीन द्राक्षाची, आपली धानाची. द्राक्षाला मिळणारा पैसा धानाला नाही, म्हणून त्यांची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. पण शेवटच्या शेतकऱ्यांनी पुढाकार घेतला तर पाणी खाली येते, एवढे तिथे सिद्ध झाले.

या कायद्याची उणीव भूमिहीनांच्या बाबतीत आहे. सभासदत्व जमिनीवर आहे. त्यावर उत्तर महाराष्ट्राच्याच मातीत सापडते. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या मानाने न देता घरातल्या माणसांच्या मानाने दिले, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा आणि ऊस लावायचा नाही. सरकारी कायद्यात मुले जास्त तर दर जास्त. साळुंख्यांच्या पंचायतीत, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, माणसे जास्त तर पाणी जास्त. कोणता न्याय कोणता, ते वाचकांनी ठरवावे.

पाण्याचा खर्च पुढे वाढण्याचेही एक कारण आहे. धापेवाडा उपसा सिंचन योजनेत वैनगंगेचे पाणी पंपाने उचलून बोदलकसा आणि चोरखमारा तलावांत आणण्याची आखणी आहे. उताराने येणाऱ्या पाण्याला वीज लागत नाही, उचललेल्या पाण्याला लागते. राज्यातल्या उपसा योजनांच्या वीजबिलाचे ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी सोसायचे असे धोरण शासनाने घेतले होते. उद्या आपल्या नहरात उपशाचे पाणी मिसळले तर त्याचा आकार कसा लागणार, हा प्रश्न संस्थेच्या सभेत आधीच विचारलेला बरा. बिल हाती आल्यावर विचारून उपयोग नसतो.

आता घरातल्या घरात करण्याच्या गोष्टी. हंगामाच्या सुरुवातीला पाटबंधारे शाखेचे जाहीर प्रकटन निघते, त्यात अर्जाची शेवटची तारीख असते. पाणी मागणीचा अर्ज नमुना नंबर ७ वर करायचा. सोबत सातबारा लागतो. थकबाकी असेल तर अर्ज मंजूर होत नाही, म्हणून जुनी बाकी किती आहे ते आधी लिहून घ्यावे. बिलात पाणीपट्टीवर २० टक्के स्थानिक उपकर लागतो, तो पाहून कोणी फसवले असे समजू नये. पैसे दिले की पावती, तीही त्याच दिवशी. पाट राखणाऱ्या माणसाच्या हातात दिलेल्या चहापाण्याची पावती कोणी देत नाही आणि तिच्यावर पाणीही मागता येत नाही. अर्जाची पोच आणि पावती दोन्ही सातबाराच्या पिशवीत ठेवाव्यात. ज्या घरात शाळेत जाणारी मुलगी आहे तिला हे काम द्यावे. आमचा अनुभव असा की ती बापापेक्षा नीट ठेवते.

पाटबंधाऱ्यांच्या कागदावर खरीप हंगाम १४ ऑक्टोबरला संपतो आणि १५ पासून रब्बी लागतो. भारी धान मात्र तारीख पाहून निसवत नाही. त्याचे शेवटचे पाणी अनेकदा या तारखेनंतरच लागते. ते कोणत्या हंगामात धरणार आणि त्याला वेगळा अर्ज लागेल काय, हे सप्टेंबरातच शाखेत विचारून ठेवावे. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून पुढच्या पाण्याचा कार्यक्रम ठरतो आणि कालवा सल्लागार समितीत तो मांडला जातो. आपल्या भागाचे जे प्रतिनिधी त्या समितीत बसतात त्यांना शेवटच्या बांधीचे पाणी हा विषय लेखी द्यावा, दहा-वीस सह्यांनिशी.

सर्वात अवघड प्रकरण बटईचे. आपले कितीतरी बांधव दुसऱ्याची जमीन बटईने किंवा ठेक्याने करतात. सातबारा मालकाच्या नावाचा, अर्ज मालकाच्या नावाचा, राबणारा हात आपला. मालक गोंदियाला किंवा नागपूरला राहतो, त्याला अर्जाची तारीख आठवत नाही, आणि पाणी नाही आले तर नुकसान अर्ध्या वाट्याचे का होईना, आपल्या चुलीचे होते. २००५ च्या कायद्यात धारकाबरोबर भोगवटादार हाही शब्द आहे, म्हणून प्रत्यक्ष कसणाऱ्याला संस्थेत दार पूर्ण बंद नाही. पण तोंडी बटईला कोण विचारणार? निदान एवढे करावे, की बटई ठरतानाच, पऱ्हे टाकण्याआधी, मालकाकडून दोन ओळींचे पत्र घ्यावे: अमुक गट नंबरची जमीन या वर्षी अमुक इसम कसत आहे, पाण्याचा अर्ज व पाणीपट्टी त्याच्यामार्फत भरली जाईल. खाली मालकाची सही आणि तारीख. मालक लोक अशा कागदाला घाबरतात, कूळ लागेल म्हणतात. त्यांना सांगावे की हे पत्र एका हंगामाच्या पाण्यापुरते आहे, आणि तसे त्या पत्रात लिहूनही द्यावे.